गळालेले हात, खचलेले मन

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-८



चेन्नईतील गिंडीच्या जवळच सेंट थॉमस माउंट ही टेकडी आहे. प्रेषित थोमाने येथे रक्तसाक्ष दिली, अशी परंपरा सांगते. १७२६ साली पेत्रुस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याने भाविकांसाठी टेकडीवर पायऱ्या बांधविल्या. तरुण त्या सहज चढून जातात. परंतु गुडघे थरथरणारा वृद्ध पहिल्या पायरीशीच थबकतो. त्या क्षणी केवळ पायच नव्हे, तर मनही थबकते.

गिंडीतच, किंग इन्स्टिट्यूटच्या आवारात, खास वृद्धांसाठी २०० खाटांचे रुग्णालय फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाले. अशा रुग्णालयांची गरज का भासावी? कारण वार्धक्यात शरीराचे दुखणे आणि मनाचे दुखणे वेगवेगळे काढता येत नाही. ज्या वृद्धांच्या हाताची पकड सैल झालेली असते, त्यांच्यात नैराश्याचे प्रमाण अधिक आढळते, असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. स्नायू क्षीण झाले की पडण्याची भीती वाटते. भीतीमुळे घराबाहेर पडणे थांबते. उपासना, शेजार, सोबत सुटते आणि मन खचते. मन खचले की अन्न गोड लागत नाही, अंथरूण सुटत नाही आणि उरलेले स्नायूही झडू लागतात. असे हे दुष्टचक्र आहे.

आपण मात्र काय करतो? उपासनेस न येणाऱ्या आजीविषयी, “त्यांचा विश्वास थंडावला” असे सहज म्हणून जातो. हा आपला अन्याय आहे.

रतामाच्या झुडपाखाली निजलेल्या एलीयाकडे पाहा. कर्मेलावर अग्नी उतरविणारा हा संदेष्टा मरण मागत होता. देवदूताने त्याच्या विश्वासाची झडती घेतली नाही. त्याने त्याला स्पर्श केला, उठविले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी पुढे ठेविले. आणि हे एकदा नव्हे, दोनदा केले. त्या अन्नाच्या बळावर एलीया चाळीस दिवस चालला. होरेबावर देवाची वाणी त्याने ऐकली, ती त्यानंतर. देवाने आधी देहाला बळ दिले, मग मनाशी संवाद केला.

हाच क्रम आपणही धरावा. ज्येष्ठांच्या ताटात डाळ, दूध, अंडी वा मासळी रोज असावी. वैद्यांच्या सल्ल्याने खुर्चीवरून उठणे-बसणे, थोडे चालणे असा व्यायाम त्यांच्याकडून करवून घ्यावा. उतारवयातही स्नायू पुन्हा बळावतात. उदासी आठवडा-दोन आठवडे हटत नसेल तर वैद्याकडे जाण्यात लाज मानू नये. औषधोपचार म्हणजे अविश्वास नव्हे. आणि हात धरून त्यांना मंदिरापर्यंत आणणारे कोणीतरी असावे.

मोशेचे हात थकले, तेव्हा अहरोन व हूर यांनी ते दोन्ही बाजूंनी सावरले. मोशे दुर्बळ ठरला नाही. इस्राएल मात्र विजयी झाले.

ज्येष्ठहो, आपले गळालेले हात प्रभू ओळखतो. आणि तरुणहो, या रविवारी उपासनेस निघताना एका वृद्धाच्या दारावरून जा. त्यांचा हात हाती घ्या. कदाचित त्या दिवसाचा देवदूत तुम्हीच असाल.