चाकांतील हवा

मोटारीच्या चाकांत हवा किती असावी, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे असें वाचकांस सहसा वाटणार नाहीं. पंपावरील माणूस तो सोडवितो आणि आपण पुढें निघतों. आमचीहि समजूत गेल्या मे महिन्यापर्यंत अशीच होती.

आमच्या एका सांगलीकर स्नेह्यांनीं शर्यतीच्या घाटणीची दोन आसनांची मोटार घेतली. तिच्यांतून आम्ही उभयतां आष्टा, पेठ नाका, कराड या मार्गानें साताऱ्यास निघालों. कारखानदारानें तिच्या चाकांस दर चौरस इंचास 32 पौंड दाब नेमून दिला होता. कराडास मापक लावला, तो 37 निघाला. हवा फार झाली असें म्हणून स्नेह्यांनीं ती 32 वर आणविली; आम्हींहि मान डोलाविली. दुसऱ्या दिवशीं पहाटे कासच्या वाटेवर यवतेश्वराच्या घाटांत एका वळणावर गाडी लवली आणि उजवीकडे ओढली गेली. समोरून दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलस्वार उतरत होता. तो गटारांत उतरला म्हणून वांचला. थांबून मापक लावला, तों 28 देखील भरेना!

चूक कोठें झाली? नेमून दिलेला आंकडा थंड चाकाचा असतो. गाडी धांवूं लागली म्हणजे रबर लवतें व तापतें, आंतील हवाहि तापते आणि दाब वाढतो. ही वाढ कारखानदारानें हिशेबांत धरलेलीच असते. ती काढून टाकली, तर निवल्यावर चाक उपाशी राहतें. आमच्या खेड्यांतील लोहारास हें मर्म ठाऊक असतें. बैलगाडीची लोखंडी धाव तो लाल तापवून चाकावर चढवितो, पण ती निवल्यावर किती आवळेल याचा विचार त्यानें आधींच केलेला असतो. माणसानेंहि आपल्या औदार्याचें वा क्रोधाचें माप ऐन भरांत घेऊं नये, तें याच कारणास्तव.

मध्यम मार्ग म्हणजे दोन टोकांच्या मधला आंकडा, असें पुष्कळांस वाटतें. ॲरिस्टॉटलनें हा समज केव्हांच खोडून काढिला आहे. दहा मापें अन्न फार आणि दोन थोडें, म्हणून सहा सर्वांस योग्य असें ठरत नाहीं. मायलो मल्लास तें अपुरें पडेल, नवशिक्यास अधिक होईल. गीतेच्या सहाव्या अध्यायांतहि आहारविहार युक्त असावा असें सांगितलें आहे. किती, तें आंकड्यानें सांगितलेलें नाहीं. मोटारीचेंहि तसेंच. एंजिन मागें असेल तर भार मागें अधिक पडतो, म्हणून पुढच्या व मागच्या चाकांचे आंकडे बहुधा निराळे असतात. दाब कमी पडला तर टायराच्या कडा झिजतात, अधिक झाला तर मधला पट्टा.

यावर कोणी म्हणेल, टायर माझे, झीज माझी. इतरांस काय त्याचें? आमच्या सांगलीकडे ऊंस वाहणाऱ्या रबरी चाकांच्या बैलगाडीस डनलॉप म्हणतात. तिच्या चाकांत हवा कमी असली, तर आळस गाडीवानाचा असतो आणि ओढ बैलांस लागते. मोटारीचा न्याय निराळा नाहीं. हजार किलोची गाडी 32 पौंडांच्या दाबावर उभी असतां तिचें एकेक चाक सुमारें तळहाताएवढ्या जागेनेंच भूमीस धरून असतें. त्या चार तळहातांवर त्या सायकलस्वाराचाहि जीव होता, आणि त्याला कोणीं विचारिलें नव्हतें. जेथें आपल्या चुकीची किंमत न विचारलेल्या माणसास द्यावी लागते, तेथें ती बाब खाजगी राहत नाहीं.

आमच्या स्नेह्यांचा दोष अज्ञानाचा होता. आमचा त्याहून मोठा होता असें आम्हांस वाटतें. कारण आम्हांस तर कांहींच ठाऊक नव्हतें, आणि तरीहि केवळ भिडेखातर आम्हीं होकार दिला. हल्लीं ते निघण्यापूर्वीं, चाकें थंड असतांनाच, मापक लावितात आणि आंकडा आम्हांस वाचावयास सांगतात. आम्ही चष्मा लावून तो दोनदां वाचतों.