थोड्या पाण्याचे पालकत्व

पोवळ्याशी मराठी माणसाचा परिचय जुना असला, तरी तो सोनाराच्या पेढीवरचा आहे. नवरत्नांमध्ये मंगळाचे रत्न म्हणून ज्याची गणना झाली आणि काळ्या मण्यांच्या सोबतीने जे सौभाग्यलेण्यात ओवले गेले, ते तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातील एका प्राण्याच्या वसाहतीचा अस्थिपंजर आहे, हे ते गळ्यात वागवणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या मनात येत असेल. विद्वानांनाही ते सहजी उमगले नव्हते. 1706 साली मार्सिली या इटालियन पंडिताने पोवळ्याची ताजी फांदी समुद्रजलात ठेवली असता तिच्यावर आठ पाकळ्यांची शुभ्र फुले उमललेली त्याला दिसली आणि पोवळे ही वनस्पतीच होय, असा निवाडा त्याने देऊन टाकला. ही फुले म्हणजे आठ स्पर्शिकांचे जिवंत प्राणी आहेत, असे पुढे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने सांगितले, तेव्हा पॅरिसच्या विद्वत्सभेला ते प्रथम पटले नाही.

कोलशेत येथील माझ्या घरात शंभर लिटर पाण्याच्या काचपेटीत जो मृदु प्रवाळ वाढतो आहे, तो याच अष्टभुज कुळातला, म्हणजे त्या रत्नाचा दूरचा भाऊबंद. हौशी मंडळी त्याला ‘लेदर कोरल’ म्हणतात. अळंबीसारखा जाड देठ, त्यावर दुमडलेल्या कडांची छत्री आणि छत्रीवर शेकडो सूक्ष्म फुले, असे त्याचे रूप असते. कठीण प्रवाळाप्रमाणे तो चुन्याचे वाडे बांधीत नाही. चुन्याच्या बारीक कण्या मांसल देहात विखरून तेवढ्या आधारावर तो उभा राहतो. त्याच्या पेशींत वस्तीला असलेले एकपेशीय शैवल प्रकाशापासून अन्न तयार करते आणि त्यातला वाटा यजमानाला देते. म्हणून दिव्याची वेळ ही त्याची जेवणाची वेळ होय.

या जिवाच्या गरजा मोजक्या आहेत: सुमारे पंचवीस अंश उष्णता, दर किलो पाण्यात पस्तीस ग्रॅमच्या आसपास क्षार, वाहते पाणी आणि नियमित प्रकाश. अडचण त्या भागवण्यात नाही, त्या आज आणि उद्या सारख्याच राखण्यात आहे. समुद्रात हे काम समुद्राचा विस्तारच करतो, कारण तेवढ्या पाण्याला एका दुपारचे ऊन वा एका रात्रीचा पाऊस सहसा ढळवू शकत नाही. माझ्या पेटीतून मात्र उन्हाळ्यात दिवसाला सुमारे एक लिटर पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. तीन दिवस दुर्लक्ष झाले, की पस्तिसाचे छत्तीस होतात. ही तूट खाऱ्या पाण्याने भरली, तर क्षारांच्या ठेवीत नवी भर पडते. म्हणून ती निव्वळ शुद्ध पाण्यानेच भरावी लागते. नळाच्या पाण्यातले जे क्लोरीन आपल्या आरोग्याचे रक्षण करते, तेच या जिवाला अपायकारक असल्यामुळे पाणी आधी गाळून घेण्याचा बंदोबस्त करावा लागतो. वैशाखात वीज गेली, की पाणी तापू लागते, पंप थांबतो, प्राणवायू घटू लागतो आणि घड्याळाकडे पाहत बसावे लागते. थोड्या पाण्याला विस्ताराची उणीव असते आणि ती पालकाने दक्षतेने भरून काढायची असते, एवढाच या सगळ्या तपशिलाचा मथितार्थ आहे. आणि ज्याला कीर्दवहीप्रमाणे रोजची नोंद ठेवण्याचा कंटाळा आहे, त्याने समुद्र घरी आणू नये.

परंतु दक्षता आणि लुडबुड यांतला भेद मला फार उशिरा कळला. पहिल्या वर्षी माझ्या प्रवाळाने एके सकाळी सर्व फुले मिटली, अंगावर मेणचट पापुद्रा धरला आणि तीन दिवस तो निस्तेज उभा राहिला. तो मरतो आहे, असे समजून मी त्याची जागा बदलली, दिवा वाढवला, पाणी पालटले. त्याने तो अधिकच आक्रसला. वस्तुतः तो केवळ कात टाकत होता. अंगावर साचलेले शेवाळ आणि मळ झटकण्यासाठी ही जात मधूनमधून असा पापुद्रा सोडते आणि पाण्याच्या प्रवाहाने तो निघून गेला, की पुन्हा फुलते. त्या वेळी करण्याजोगे काम एकच होते: पाणी होते तसे राखून वाट पाहणे. प्रेमाला कृतीची घाई असते. पालकत्वात मात्र कित्येकदा हात आवरणे हीच सर्वांत अवघड कृती ठरते.

सायंकाळी मी कोलशेतच्या खाडीकाठी जातो, तेव्हा अगदी निराळा संसार दिसतो. उल्हास नदीचे हे मुख दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा ओसरते. पावसाळ्यात नदीच्या लोंढ्याने त्याचा खारेपणा पातळ होतो, उन्हाळ्यात पुन्हा चढतो. इथल्या निवट्या, चिंबोऱ्या आणि तिवरे हा पालट पिढ्यान्‌पिढ्या सोसत आली आहेत, आणि ज्या पाण्यात ती सुखाने नांदतात त्यात माझा प्रवाळ दिवसभरही टिकणार नाही. पण सोसण्याची सवय म्हणजे सोसण्याची परवानगी नव्हे. काठावर ओतलेला राडारोडा आणि पाण्यात सोडलेले सांडपाणी ही काही भरती-ओहोटी नाही.

मुंबईच्या किनारी मार्गाच्या कामासाठी 2020 साली वरळी व हाजीअली येथील प्रवाळांच्या 18 वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली उचलून अन्यत्र नेण्यात आल्या. कठीण प्रवाळांना 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असल्याने त्यासाठी रीतसर परवानगी घ्यावी लागली. महानगराच्या गढूळ उथळ पाण्यात प्रवाळ जगत होते, हे पुष्कळांना त्या निमित्ताने प्रथमच कळले. एप्रिल 2024 मध्ये, जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी लाट सुरू असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर अधिक तापून काही आठवडे तसाच राहिला, की प्रवाळ आपल्या देहातील शैवल बाहेर टाकतो आणि अन्नाविना फिका पडतो. ज्या विस्तारावर समुद्राने आजवर भिस्त ठेवली, तोही पुरेनासा झाला आहे, असा या घोषणेचा अर्थ मी लावतो.

घरी परतल्यावर मी खुणेच्या रेषेपर्यंत पाणी भरतो, उष्णता पाहतो, वहीत नोंद करतो. पाणी उतरले, तर ते भरायला पेटीच्या बाहेर मी उभा असतो. खाडीच्या आणि समुद्राच्या बाहेर असा कोणी उभा नाही. तिथली नोंद आणि तिथली तूट, दोन्ही आत राहणाऱ्यांनीच सांभाळायची आहेत.