परतण्यात लाज कसली?

नॉर्वेतला प्रेइकेस्टोलेन हा सपाट माथ्याचा कडा लीसे फ्योर्डच्या पाण्यापासून ६०४ मीटर उंच. काठाला कठडा नाही. जाऊन-येऊन साधारण आठ किलोमीटर. सकाळी निघालं की दुपारी परत. तिथल्या डोंगरवाटांवर दगडांवर लाल ‘टी’ रंगवलेला असतो, धुक्यात एका खुणेवरून पुढची शोधायची.

मला भावतो तो तिथल्या नऊ डोंगर-नियमांपैकी एक : वेळेत मागे फिरा, त्यात लाज नाही. १९६७च्या ईस्टरच्या सुट्टीत अपघातांत १८ जण दगावले, त्यानंतर या नियमांचा जोरात प्रचार झाला. ढग उतरले की तिथला माणूस बिनदिक्कत माघारी वळतो. पाहुण्याचं मात्र अवघड. एवढं महागडं तिकीट काढून आलोय, आता माथा गाठायचाच!