मागच्या सीटवरची संमती

सामर्थ्य वापरायची परवानगी आपण नेमकी कोणाकडे मागतो? हा प्रश्न मला पडला तो जर्मनीत, मित्राच्या जुन्या बीएमडब्ल्यू एम५मध्ये बसून म्युनिकहून न्युरेंबर्गकडे जाताना.

२००५ ते २०१० दरम्यान बनलेली ही गाडी दिसायला साधी, चार दारांची, घरच्यांना घेऊन फिरायची. आत मात्र पाच लिटरचं, दहा सिलिंडरचं इंजिन आहे. त्याला टर्बो नाही. मग जास्त ताकद हवी तर इंजिन जास्त वेगाने फिरवायचं, म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त वेळा इंधन जाळायचं. त्यामुळे तिची ५०७ अश्वशक्ती मिळते ती मिनिटाला ७७५० फेरे झाल्यावर. मर्यादा ८२५० फेऱ्यांची. त्या टोकाला प्रत्येक पिस्टन सेकंदाला २७५ वेळा थांबतो आणि उलट फिरतो. फेरे दुप्पट झाले की त्याला खेचून धरणाऱ्या रॉडवरचा जडत्वाचा ताण चौपट होतो. हा सगळा भार बेअरिंगमधल्या तेलाच्या पातळ थरावर असतो.

म्हणून या गाडीला थंडपणी पळवायचं नसतं. टॅकोमीटरवरची इशाऱ्याची खूण सुरुवातीला खाली असते आणि तेल तापेल तशी वर सरकते. शिवाय गाडी सुरू होते ती ४०० अश्वशक्तीवरच. उरलेली हवी असेल तर गिअरजवळचं बटण दाबावं लागतं.

मित्र शांतपणे चालवत होता. मीच दोनदा विचारलं, "तापलं का रे?" वेगमर्यादा नसलेला टप्पा आला, खूण वर पोचली होती. मी म्हणालो, "दाब की आता."

त्याने दाबलं. सात हजारांच्या पुढे तो आवाज असा चढला की मी लहान मुलासारखा हसलो. तो आनंद खोटा नव्हता, आजही मी तो नाकारणार नाही. पण हसता हसता मागे वळलो, तर त्याची सात वर्षांची मुलगी दोन्ही हातांनी सीटबेल्ट धरून बसली होती. ती रडत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती.

यंत्राची मर्यादा आम्ही किती अदबीने पाळली होती! तेलाची तयारी विचारली, इंजिनाला वेळ दिला. तिला मात्र कोणीच विचारलं नाही.

कोणी म्हणेल, रस्ता कायदेशीर होता, चालवणारा सराईत होता, काही झालंही नाही. खरं आहे. पण 'काही झालं नाही' हा निकाल आपण नंतर लावतो. धोका मात्र आधीच वाटून दिलेला असतो, न विचारता. अभियंत्यांनी बटण ठेवलं ते बरंच केलं. त्यामुळे निदान निवड कोणाची होती, हे लपत नाही. गाडी चारशेवर समाधानी होती. उरलेले एकशे सात मी मागितले होते.

मित्राने वेग कमी केला. मी तिला विचारलं, "भीती वाटली?"

"आधी सांगायचं ना, काका," ती म्हणाली.