लिखितपाठक

पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. गुरुमुखातून न शिकता केवळ लिहिलेले पाहून म्हणणारा लिखितपाठक आणि अर्थ न जाणता म्हणणारा अनर्थज्ञ हे त्यांपैकी दोन. काशीत दुर्गाघाट-ब्रह्माघाट परिसरात ज्या मराठी वैदिकांच्या पिढ्या नांदल्या, त्यांच्या परंपरेतला हा दंडक. आज त्याचे स्मरण होते ते मात्र एका यंत्रामुळे.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये ‘नेल’ नावाची संगणकप्रणाली सुरू केली. महाजालावरील पाने अहोरात्र वाचावी, अमुक हे शहर, तमुक ही वनस्पती अशी विधाने त्यांतून गोळा करावी, आणि कालच्याहून आज अधिक चांगले वाचावे, हे तिचे काम. कोणत्या शब्दाशेजारी कोणते शब्द येतात, ही तिची एक मुख्य खूण. आता ‘कुकी’ म्हणजे बिस्किटासारखा खाऊ, आणि संगणकात साठणारी एक बारीकशी नोंदही. यंत्राने ही नोंद खाऊतच जमा केली. पुढे, कुकी पुसल्या जातात तशा फाइलीही पुसल्या जातात असे वाचून त्याने फाइलींनाही भट्टीतला खाऊ ठरवले!

ज्यांचा जन्म फाइलींत चालला आहे, अशा आमच्या वाचकांना येथे हसू येईल. परंतु हा प्रकार आम्हां कचेरीतल्या माणसांना इतका अपरिचित आहे काय? पहिल्या टिपणीत कोणा विधवेचे नाव चुकते. पुढचा कारकून ती टिपणी प्रमाण मानतो. पाच सह्या होतात, आणि तिचे निवृत्तिवेतन अडते. प्रत्येकाने वाचलेले असते. विचारलेले कोणीच नसते.

काशीच्या पाठशाळेतील बटूलाही पुष्कळदा अर्थ ठाऊक नसतो. तेवढ्यापुरता तो आणि यंत्र सारखेच. पण घनपाठात तीच पदे उलटसुलट, पुनःपुन्हा म्हणावी लागतात, त्यामुळे चूक लपत नाही. आणि समोरचे गुरुजी तिथल्या तिथे थांबवतात. ‘नेल’च्या संशोधकांनाही अखेर थोडा वेळ काढून तिच्या चुका दुरुस्त कराव्या लागल्याच.

त्याहून कितीतरी अधिक वाचलेली यंत्रे आज आमच्या भाषेतही उत्तरे देतात. त्यांचा लाभ न घेणे शहाणपणाचे नव्हे. वाचनाचे श्रम यंत्राने खुशाल वाहावे. परंतु ‘हे खरे आहे’ असे म्हणण्यात एक पत्करलेला भार असतो: चुकल्यास ज्याचे नुकसान झाले त्याच्यापुढे उभे राहण्याचा. तो भार यंत्र उचलीत नाही. त्याच्या उत्तराखाली सही करणाराच उचलतो. म्हणून सहीपूर्वी एकदा त्या विधवेला बोलावून तिचे नाव विचारणे, हे आम्ही अद्याप माणसाचेच कर्तव्य समजतो.