चावणारी खडाव

सुरतेत नुसती आडनावे वाचत गेले तरी जुन्या धंद्यांची एक यादी हाती लागते: जरीवाला, रेशमवाला, लाकडावाला, पेटीगरा. यातले शेवटचे आडनाव पेट्या घडवणाऱ्यांचे. साडेली ही लाकडी जडावाची कला या शहराने सांभाळली, आणि तिच्याबद्दल बोलताना हे पारशी आडनाव हमखास निघते. शिराझहून सिंधमार्गे ती मुंबई-सुरतेकडे आली, अशी हकीकत जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली भारतीय कारागिरीवर लिहिलेल्या ग्रंथात नोंदवली आहे. लाकूड, शिंग, हाड, हस्तिदंत, धातू यांच्या बारीक काड्या तिकोनी वा शंकरपाळ्याच्या आकारात घासायच्या, सरसाने जोडून त्यांची घट्ट जुडी बांधायची आणि ती जुडी आडवी कापून पातळ चकत्या काढायच्या. प्रत्येक चकतीवर तीच नक्षी उमटते. या चकत्यांनी मढवलेल्या पेट्या ‘बॉम्बे बॉक्स’ या नावाने विलायतेपर्यंत गेल्या. पुढे हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली, त्याच्या जागी दुसरे पदार्थ आले, करणारे हात कमी झाले, तरी कला अजून आहे. लाकूड जाणणाऱ्या याच शहरात लाकडाचे पायताण घडवणाऱ्याची आठवण शोधू गेले तर आडनावाचाही दुवा मिळत नाही. माझ्या मते या फरकाचे कारण अगदी साधे आहे. पेटी कोणाला चावत नाही, खडाव चावते. पायताण घडवणाऱ्याची विद्या पायाच्या तक्रारीवर वाढते. तक्रार करणारा पाय गेला की वस्तू उरली तरी विद्या उरत नाही.

खडाव ही दिसायला सोपी वस्तू आहे, म्हणून तिच्यातले ज्ञान नजरेतून सुटते. एका ठोकळ्यातून तळवा कोरायचा, खाली पुढे आणि मागे दोन उंचवटे ठेवून मधला भाग खरवडून काढायचा. त्यामुळे वजन घटते, जमिनीला फार थोडा भाग टेकतो आणि ओल वर चढत नाही. तपस्व्याच्या पायाखाली कमीत कमी जीव चिरडले जावेत म्हणून हा आकार, असेही स्पष्टीकरण दिले जाते. पण सगळे कसब एकवटते ते खुंटीत. खडावेला पट्टा नाही, टाच धरून ठेवणारे काही नाही. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत सापडलेल्या खुंटीच्या जोरावर माणूस ती उचलतो. खुंटी थोडी पुढे बसली तर टाच मागे लोंबते. थोडी मागे बसली तर बोटांच्या बेचक्यात घट्टा पडतो. मान जाड झाली तर बोटे फाकतात, बारीक झाली तर मोडते. डोके कातताना गोलाई कमी पडली तर चालताना पाय निसटतो. त्यात माणसाचे दोन्ही पाय कधी नेमके सारखे नसतात. म्हणजे सुताराने तळवा घडवला आणि काताऱ्याने खुंटी कातून दिली, तरी खरे काम त्यानंतरचे असते: घालणारा चार पावले चालतो, कुठे लागते ते सांगतो आणि तिथे कानस फिरते. उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीची तारकशी, म्हणजे शिसवीत पितळी तार ठोकून केलेली नक्षी, खडावांवरच वाढली. आज ती नक्षी तबकांवर आणि डब्यांवर दिसते. तारेची विद्या पायावरून डब्यावर जाऊ शकली, खुंटीची विद्या कुठेच जाऊ शकली नाही.

मराठी माणसाला हे पटायला जड जाते, कारण पादुका आपल्याकडे सर्वत्र आहेत. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत घालून पंढरीला नेण्याची प्रथा सुरू केली, आणि आजही देहू-आळंदीहून निघणाऱ्या पालख्यांत पादुकाच असतात. नृसिंहवाडी, औदुंबर, गाणगापूर ही दत्तस्थाने पादुकांचीच. वहाणेची जागा पायातच, असे बजावणारी म्हण ज्या भाषेत आहे त्याच भाषेने पादुकांना डोक्यावर घेतले. या भक्तीबद्दल मला आदर आहे. पण ती कारागिराला वाचवते असे समजणे चूक आहे. पूजेच्या पादुका चांदीच्या असोत, दगडाच्या असोत वा लाकडाच्या, त्या चालण्यासाठी नसतात. भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या त्या क्षणी त्यांचे पायताणपण संपले. तीर्थक्षेत्रांच्या दुकानांत आजही खडावा विकत मिळतात, पण सगळ्यांची खुंटी एकाच अंतरावर बसवलेली, कारण घेणारा त्या देव्हाऱ्यात ठेवणार हे ठरलेलेच असते. गांधीजींच्या चपलांची गोष्टही हेच सांगते. दक्षिण आफ्रिकेतले त्यांचे सहकारी हर्मन कॅलनबाख यांनी ट्रॅपिस्ट मठात जाऊन चपला करायला शिकून घेतले आणि टॉलस्टॉय फार्मवर ती विद्या इतरांना दिली. गांधीजींनी स्वतः केलेला एक जोड तिथले सत्ताधारी जनरल स्मट्स यांना भेट म्हणून मिळाला. स्मट्स यांनी तो अनेक उन्हाळे वापरला आणि १९३९ साली, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, एवढ्या थोर माणसाच्या पायताणात उभे राहण्याची आपली योग्यता नाही अशा भावनेने परत केला. कृतज्ञता म्हणून हे उदात्त आहे. कारागिरीच्या बाजूने पाहिले तर मोलाचे आहेत ते मधले उन्हाळे, ज्यांत त्या चपला खरोखर कोणाच्या तरी पायात होत्या.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. खडाव हे सोवळ्याचे पायताण होते. चामडे अपवित्र मानले म्हणून लाकूड पवित्र ठरले. ज्या माणसांनी चामडे कमावले त्यांना गावाबाहेर ठेवले. आणि कित्येक गावांत दलितांना सवर्णांसमोरून पायात काही घालून जाण्याचीही मुभा नव्हती. अशा व्यवस्थेने पोसलेली वस्तू नाहीशी झाली तर हळहळायचे कशाला? सोवळे गेले याचे मला दुःख नाही, आणि खडावेची आठवण काढताना हा इतिहास झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरीही लाकूड पायाला कसे बसवावे हे ज्ञान सोवळ्यातून जन्मलेले नाही. तसे असते तर ते चामड्याचा विटाळ न मानणाऱ्या देशांत दिसलेच नसते. दिसते ते उलटेच: जगात बहुतेक ठिकाणी लाकडी पायताण हे चिखलात आणि ओल्या फरशीवर राबणाऱ्यांचे होते.

सुरतेच्या दृष्टीने यातले सर्वांत जवळचे उदाहरण लँकशायरचे आहे, कारण तेही कापडाचेच. तिथल्या गिरणी कामगारांच्या पायात लाकडी तळाचे, वर चामडे ठोकलेले क्लॉग असत. सूत तुटू नये म्हणून विणकामाच्या खात्यात हवा दमट ठेवत, फरशी ओली असे. जाड लाकडी तळ पाय कोरडा आणि उबदार ठेवी. तळासाठी आल्डरचे लाकूड ओले असतानाच कापत. क्लॉग करणाऱ्याकडे एका टोकाला आकड्याने अडकवलेल्या, लांब दांड्याच्या तीन सुऱ्या असत: एक बाहेरचा आकार काढायला, दुसरी तळव्याचा खोलगट भाग कोरायला, तिसरी चामडे बसेल अशी कडेची खाच पाडायला. तळाला लोखंडी पट्ट्या ठोकत आणि त्या झिजल्या की गिऱ्हाईक पुन्हा दारात येई. या परत येण्यातच धंद्याची खरी शाळा होती. कोणाचा पाय कुठे जास्त दाब देतो हे कारागीर झिजलेल्या लोखंडावरून वाचत असे. गिरण्या गेल्या तशी ही शाळा सुटली, आणि आज ब्रिटनमधल्या लोप पावत चाललेल्या हस्तकलांच्या यादीत हाताने क्लॉगचे तळ कापण्याचे काम अतिधोक्याच्या गटात आहे. नेदरलँड्समध्ये पॉप्लर आणि विलोचे क्लॉम्पेन, म्हणजे लाकडी जोडे, पर्यटकांसाठी रंगवून विकले जातात हे खरे, पण युरोपीय सुरक्षा चाचण्यांत उतरलेले, सीई खूण असलेले क्लॉम्पेनही आहेत आणि काही शेतकरी ते अजून घालतात. जपानमध्ये चांगल्या दुकानात गेता ही लाकडी चप्पल घेतली तर दुकानदार तिची दोरी गिऱ्हाइकाच्या पायाला पाहून सैल वा घट्ट बांधून देतो. एवढीशी कृती, पण कारागीर आणि पाय यांचे बोलणे तिने चालू ठेवले आहे. कोल्हापुरी चपलेचेही असेच. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन मंचावर तिच्यासारखी चप्पल झळकली आणि वाद पेटला. पण तिला जिवंत ठेवले आहे ते तेल पाजून, चावा काढून ती रोज घालणाऱ्या माणसांनी.

दुसरा आक्षेप गरिबांच्या बाजूचा आहे. रबरी हवाई चपलेने अनवाणी देशाच्या पायात काहीतरी घातले. ती स्वस्त आहे, धुता येते, जात विचारत नाही. तिच्यासमोर लाकडाचे कौतुक म्हणजे पोटभरल्यांचा छंद नाही का? चपलेचे हे उपकार मी पूर्ण मान्य करतो. ज्याला खडाव नाकारली गेली त्याला हवाई चपलेने सन्मानाने चालू दिले. मात्र स्वस्त चपलेने प्रश्न सुटला असे म्हणणारा उधना-पांडेसऱ्यातल्या कापड रंगवण्याच्या मिलमध्ये पाय ठेवून पाहत नाही. तिथे पाणी आहे, वाफ आहे, रसायने आहेत, आणि त्यात बारा-बारा तास उभे राहणाऱ्यांत ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारइतकेच आपल्या खानदेशातून आलेले लोक आहेत. लिंबायतच्या गल्ल्यांत अहिराणी ऐकू येते ती याच कामाच्या ओढीने. त्यांच्या पायात बहुधा बाजारातली तीच पातळ, ओल्या फरशीवर घसरणारी चप्पल असते. लँकशायरच्या दमट खात्यांनी आपला क्लॉग करणारा घडवला. सुरतेच्या ओल्या खात्यांनी कोणालाच घडवले नाही, कारण इथल्या पायाची तक्रार ऐकणारा कारागीर त्याच्या वाटेत कधी आला नाही. त्यांना खडावा घाला असे मी म्हणत नाही. यंत्रांच्या गर्दीत पट्टा नसलेले पायताण धोक्याचेच ठरेल. पण जाड, न भिजणारा, पायाच्या मापाचा तळ हवा ही त्यांची गरज शंभर वर्षांपूर्वीच्या त्या विणकराच्या गरजेपेक्षा वेगळी नाही.

उरतो तिसरा मार्ग, नोंदीचा. संग्रहालयात जोड ठेवावेत, कारागिरांची चित्रफीत करावी, मग विद्या गेली तरी माहिती राहील, असे म्हणतात. टोरंटोच्या बाटा शू म्युझियममध्ये भारतीय पादुकांचे फार सुंदर नमुने आहेत; काही पादुका तर अशा घडवल्या गेल्या की पाऊल टेकताच खुंटीवरचे कमळ उमलावे. ते पाहताना घडवणाऱ्यापुढे मान लवते. पण काचेमागच्या खडावेवरून ती कोणाला कुठे लागत होती हे कळत नाही, आणि मी वर ज्याला विद्या म्हटले ती तेवढीच होती. म्हणून सुरतेत, धुळ्यात, नंदुरबारात जुन्या सुतार-काताऱ्यांच्या आठवणी गोळा करायला कोणी निघणार असेल, तर त्याने हत्यारांची छायाचित्रे घ्यावीत, नावे लिहून घ्यावीत, पण आधी तक्रारी विचाराव्यात. लोक काय म्हणत परत येत? खुंटी हलवायची वेळ आली तर जुने भोक कशाने बुजवायचे? कोणते लाकूड पावसाळ्यात फुगते म्हणून नाकारायचे? जड शरीराच्या माणसासाठी मागचा उंचवटा किती रुंद ठेवायचा? आणि कारागीर हयात नसेल तर ज्यांनी खडावा घातल्या अशा घरातल्या वृद्धांना पाय पुढे करायला सांगावे आणि घट्टा कुठे पडला होता ते पाहावे.