इंजिनाचा आवाज आणि व्याप्तीचा प्रश्न

गिअर बदलत गाडी चालवण्यात मुरलेला माणूस सीव्हीटी, म्हणजे पायऱ्यांचे गिअर नसलेली, गाडी पहिल्यांदा हातात घेतो तेव्हा त्याची तक्रार बहुधा एकच असते: गाडी नुसती रेस होते, पळत नाही. जालन्याहून बदनापूरमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाताना पुढे सळयांनी भरलेला ट्रक येतो. तो ओलांडायला एक्सिलरेटर दाबला की इंजिन एकदम चढ्या आवाजात घोंघावू लागते आणि वेग मागाहून, सावकाश वाढतो. कान लगेच निदान करतो, की क्लच प्लेट गेली. गाडीत मात्र काहीही बिघडलेले नसते. मग कानाला इतकी वर्षे जे कळत होते ते ज्ञान होते की नुसती सवय? हा प्रश्न मेकॅनिकचा नाही, प्रमाणशास्त्राचा, म्हणजे खरे ज्ञान कशाने मिळते याच्या विचाराचा आहे, आणि न्यायदर्शनाने त्याचा फार बारकाईने विचार केला आहे.

आधी यंत्राची रचना. साध्या गिअरबॉक्समध्ये पाच-सहा ठरलेली गुणोत्तरे असतात. एक गिअर पडलेला असेपर्यंत इंजिनाचे फेरे आणि चाकांचे फेरे एकमेकांना बांधलेले राहतात, त्यामुळे आवाज चढला की वेगही त्याच मापाने चढतो. सीव्हीटीत दातेरी चक्रांच्या या जोड्यांऐवजी दोन पुली आणि त्यांवरून फिरणारा पट्टा असतो. प्रत्येक पुली शंकूसारख्या उताराच्या दोन तबकड्यांची. तबकड्या जवळ आल्या की पट्टा कडेकडे चढतो, दूर गेल्या की आसाकडे उतरतो, आणि गुणोत्तर पायऱ्यांनी न बदलता सलग बदलत जाते. चालकाने जोर मागितला की यंत्रणा इंजिनाला सोयीच्या फेऱ्यांवर नेऊन जवळपास तिथेच धरते आणि गुणोत्तर बदलत गाडीला वेग देते. म्हणून आवाज एकसारखा आणि वेग वाढता, असा अनुभव येतो.

नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ साली रबरी पट्ट्याची ही रचना आपल्या छोट्या मोटारीत आणली, आणि १९८७ मध्ये सुबारू जस्टी पोलादी पट्टा घेऊन आली. मराठी घरांत मात्र ती मोटारीच्या आधी स्कूटरमधून शिरली. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाशी १९८४ मध्ये भागीदारी केली, तिच्यातून आलेली कायनेटिक होंडा ही पट्ट्यावर चालणारी बिनगिअरची स्कूटर होती. आजची अ‍ॅक्टिव्हाही तशीच. जुन्या जालन्यातून कुंडलिका ओलांडून नव्या जालन्यात रोज अ‍ॅक्टिव्हावर जाणारा माणूस तोच सलग घोंघाट वर्षानुवर्षे ऐकतो आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नसते. तोच माणूस मोटारीत बसला की त्याच आवाजाने अस्वस्थ होतो. या प्रश्नातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे.

न्यायमताने अनुमानाचा पाया म्हणजे व्याप्ती, हेतू (दिसणारी खूण) आणि साध्य (तिच्यावरून ओळखायची गोष्ट) यांचे कधीही न चुकणारे साहचर्य. धूर दिसला की अग्नी असणारच, हे ज्ञान व्याप्तीवर उभे असते. याच्या उलट, अग्नी आहे म्हणजे धूर असणारच, असे कोणी म्हटले तर ते अनुमान फसते, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. धुराला ओले सरपण लागते. ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी. साध्य जिथे जिथे असते तिथे उपाधी असतेच, पण हेतू असेल तिथे ती असेलच असे नाही. चालकाच्या कानाने केलेले अनुमान नेमके या जातीचे आहे. आवाज वाढला हा हेतू, त्याच प्रमाणात वेग वाढला हे साध्य, आणि इंजिन व चाके यांच्यातले बांधलेले गुणोत्तर ही उपाधी. साध्या गाडीत ही अट जवळजवळ सदैव पाळली जाते, म्हणून ती कधी नजरेला आली नाही. हाफ क्लचवर गाडी चढावर धरताना इंजिन रेस होते आणि गाडी जागची हलत नाही. लोखंडी गोळ्याचा दाखला असा रोज समोर होता, पण चालकाने तो अपवाद म्हणून बाजूला ठेवला.

चार्वाकाचा आक्षेप इथेच जोर धरतो. माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात तो नीट मांडलेला आहे: कोणत्याही व्याप्तीमागे एखादी लपलेली उपाधी नाही याची खात्री कधीच देता येत नाही, म्हणून अनुमान हे प्रमाणच नव्हे. स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूम यांनी अठराव्या शतकात कार्यकारणाच्या अपेक्षेला मनाची सवय म्हटले, तो मार्गही याच्या जवळून जातो. नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत दिलेले उत्तर मात्र अधिक समाधानकारक वाटते. शंका घ्यायला हरकत नाही, पण शंका घेणाऱ्याचे स्वतःचे वागणेच त्या शंकेला खोटे पाडते तिथे ती थांबते. अनुमानावर विश्वास नाही असे म्हणणारा चालकही समोर बैलगाडी दिसताच ब्रेक दाबतो, आणि ब्रेकने गाडी थांबेल हे त्याने अनुमानानेच जाणलेले असते. सीव्हीटीने अनुमान खोटे ठरवलेले नाही, एका अनुमानाची अट तेवढी उघडी केली.

अट कळली तरी अस्वस्थता लगेच जात नाही. त्याचे कारण वैशेषिक दर्शनाच्या संस्कारविचारात सापडते. अनुभवातून आत्म्यात उरणारा आणि पुढे स्मृती जागवणारा संस्कार म्हणजे भावना. ती आपोआप जागी होत नाही, तिला उद्बोधक, म्हणजे जागे करणारे निमित्त, लागते. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात अशा उद्बोधकांची लांबलचक यादीच आहे. स्कूटरचे हँडल मोटारीचे संस्कार जागवत नाही, मोटारीचे स्टिअरिंग ते जागवते. म्हणून अ‍ॅक्टिव्हावर न खटकणारा आवाज मोटारीत खटकतो. डावा पाय नसलेला क्लच शोधतो तोही यामुळेच. ही चूक धोक्याची आहे, कारण त्या जागी पायाला रुंद ब्रेक सापडतो आणि गाडी जागीच थबकते. डावा पाय बाजूच्या टेकूवर ठेवून द्यावा, हा सल्ला उद्बोधकच काढून घेतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ मर्लो-पाँती यांनी १९४५ च्या ग्रंथात सवय हे शरीराचे ज्ञान मानले. अनोळखी ऑर्गन तासाभरात अंगवळणी पडणाऱ्या वादकाचे उदाहरण त्यांनी दिले आहे. न्यायवैशेषिक मात्र सवय आत्म्यात ठेवतात. सवय फक्त पायाची आणि कानाची असती, तर स्कूटरवर मुरलेल्या कानाला मोटारीत नव्याने शिकावे लागले नसते. एवढ्यापुरता तरी पुरावा केवळ इंद्रियांच्या बाजूचा नाही.

नवा संस्कार कसा घडतो, हे वैशेषिकांचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी सांगितले आहे. त्यांच्या मते तीन गोष्टी संस्कार दृढ करतात: तीव्र अनुभव, अभ्यास आणि आदर. तीव्र अनुभवासाठी त्यांनी दक्षिणेकडच्या माणसाला उंट दिसल्याचे उदाहरण घेतले आहे. पहिल्यांदा ट्रक ओलांडताना उडालेली धांदल अशीच मनावर ठसते. अभ्यासात त्यांनी विद्या, शिल्प आणि व्यायाम घातले आहेत, गाडी चालवणे शिल्पात मोडेल. आदर म्हणजे मुद्दाम, मन लावून पाहणे. सीव्हीटीपुरता तोच सर्वांत उपयोगाचा. एक्सिलरेटर दणकन न दाबता हळूहळू दाबायचा, आवाजापेक्षा स्पीडोमीटरकडे आणि रस्त्याकडे लक्ष द्यायचे, ओलांडण्याचा अंदाज थोडा आधी बांधायचा. जालना जिल्ह्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात हरिकथानिरूपण आणि राजकारण यांच्या पाठोपाठ सावधपण ठेवले आहे, ते या आदराच्या अगदी शेजारचे. जिल्ह्यातून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर त्याची खरी गरज लागते. तिथे गिअरचे काम उरत नाही, आवाज सपाट राहतो, आणि वेग १२० च्या मर्यादेपलीकडे गेला तरी कान काही सांगत नाही.

कित्येक कंपन्यांनी याला दुसरे उत्तर शोधले. जोरात एक्सिलरेटर दाबला की सीव्हीटी मुद्दाम ठरावीक गुणोत्तरांवर थांबत थांबत जाते आणि गिअर बदलल्यासारखा आवाज येतो. यंत्राला या पायऱ्यांची गरज नसते, त्या कानासाठी असतात. याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल, कारण प्रत्येक पायरीवर गुणोत्तर खरोखर स्थिर असते आणि तेवढ्यापुरती उपाधी हजर असल्याने अनुमानही खरे ठरते. तोटा असा, की हलक्या पायाने चालवताना पायऱ्या नाहीशा होतात. एकाच गाडीत कानाचे अनुमान कधी खरे, कधी खोटे होते, आणि शिकणे लांबते.

जालन्याच्या पठारावर न भेटणारी एक अवस्था कन्नडच्या पुढे औट्रम घाट उतरताना भेटते. डी वर ठेवलेली सीव्हीटी उतारावर बरीच मोकळी धावू शकते, म्हणून चालकाने एल किंवा त्यासारखी जागा निवडायची असते. ती निवडताच इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग आवरला जातो. सपाटीवर ज्या हेतूवरून वेग वाढल्याचे अनुमान व्हायचे, तोच हेतू इथे त्याच्या अभावाशी बांधलेला असतो. न्यायशास्त्रात अशा हेतूला विरुद्ध म्हणतात.